बद्रचे माफीपत्र

९ मार्च

माझी पत्नी झहूर गेली, त्याचा आज चाळिसावा दिवस. पाहुणे गेले. मागाहून बद्रची आई, रकिया, साखरेचा सुळका घेऊन दारात उभी राहिली. आमच्या रिवाजात तो आत घेतला, म्हणजे माफी दिली. मी घेतला नाही. तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाने धावत्या मोटारसायकलवरून झहूरची पर्स हिसकावली; ती फुटपाथच्या कडेवर डोक्यावर आपटली. बाजारातून पुदिना घेऊन येत होती.

१४ मार्च

बद्रचे वकील बिनसूदा यांचा फोन. मी लेखी माफी दिली, तर न्यायाधीश त्याला घरी पाठवतील. अन्यथा सज्ञान होईपर्यंत सुधारगृह. वर प्रवचन — रमाद वस्तीत शाळा बंद, मैदान नाही, दिवे नाहीत. तिथे कोणाचाही मुलगा बिघडेल. मी विचारले, मग तिथली सगळीच मुले खून करतात काय? आणि फोन ठेवला.

१५ मार्च

सही करणार नाही. कदापि नाही.

२१ मार्च

रमाद वस्ती पाहून आलो. बिनसूदांना खोटे पाडायचे होते. पडले नाहीत. शाळेचे फाटक विटांनी बुजवलेले. गल्लीच्या मधोमध उघडे गटार. भर दुपारी पोरे भिंतीला टेकून नशेसाठी डिंक हुंगत होती. हेही कासाब्लांकाच! हमीदू नावाचा तिशीचा इसम खुर्ची टाकून बसला होता. पोरांना मोटारसायकली देऊन चोरीला धाडणारा तोच. म्हणाला, "काय हाजी, रस्ता चुकलात? का बद्रची चौकशी? त्याची गाडी पुसून ठेवलीय. सुटला की लगेच कामावर."

रकियाने चहाचा आग्रह केला. नाकारला. ती सांगत राहिली — सुधारगृहात त्याला स्वतःचा पलंग आहे, सुतारकाम शिकतो, अंग धरले आहे, झोपेत दचकत नाही. "पण साहेब, आईला लेक घरातच हवा ना."

झहूर मातीत, आणि त्याला पलंग!

२२ मार्च

सुतार होईल. लग्न करील. त्याची बायको बाजारातून सुखरूप घरी येईल. ही शिक्षा? याहून कठोर तुरुंग आहे, आणि मी तो काल पाहिला. त्याचा जेलरही खुर्ची टाकून वाट पाहत आहे.

२८ मार्च

न्यायाधीशांसमोर माफीपत्रावर सही केली. रकियाने माझे दोन्ही हात चुंबले. बिनसूदांचे डोळे भरून आले.

बद्रने एवढेच विचारले, "आजच जायचं?"

"आजच," मी म्हणालो.