उतारावरचं काचघर

अक्कलकुवा, १२ नोव्हेंबर १९३६

परसातल्या उतारावर रोपांच्या काचघरासाठी मी चुन्यात बांधलेली भिंत पावसाळ्यात कोसळली. सुरतेहून आणलेल्या काचा पडवीत होत्या म्हणून वाचल्या. आज डोंगरातल्या जेमाबाईनं तीच भिंत नुसते दगड रचून पुरी केली. "चुना नको, मास्तर. पाणीले जावाले वाट ठेव," म्हणाली. मग सपाटी दाखवायला पितळी थाळी पाण्यानं काठोकाठ भरून भिंतीवर ठेवली. थेंब सांडला नाही! भिंतीमागं घागर ओतली, तर पाणी दगडांतून निथळून गेलं, भिंत जागची हलली नाही. काय हात आहे बाईचा! आणि मी? ती आपल्या घराकडे वळताच गुपचूप माझी पाणसळ लावली. बुडबुडा बरोब्बर मध्यावर. शेजारी थाळी, तशीच काठोकाठ. तेवढ्यात थाळी न्यायला ती परतली. हसली. "बरोबर शे ना, मास्तर?"

मान वर करवेना.