सेंटाची बाटली येणार नाही

प्रिय सिधादादा,

बाटली पाठवलेली नाही. आधीच सांगतो, म्हणजे पाकिटात काही गुंडाळलंय का ते चाचपत बसू नको. हे फोनवर बोललो असतो, पण तू फोन स्पीकरवर टाकतोस, मामा मधे तोंड घालतो, माय मागून जेवलास का म्हणून विचारते अन् माझा राग जिथल्या तिथं विरून जातो. या वेळी मला तो विरू द्यायचा नाही. म्हणून सातवीत सोडलेला पेन परत हातात धरलाय. अक्षर कसंबी आलं तरी शेवटपर्यंत वाच, अन् मामाच्या हाती देऊ नको.

तू काय म्हणालास ते माझ्या कानात अजून फिरायलंय. नाग्या, तू एवढ्या मोठ्या शहरात हायस, मोठ्या दुकानात हायस, तिथून असा भारी सेंट धाड की शेळीचा वास वरच येऊ नये. अन् मग आवाज खाली घेऊन म्हणालास, न्हाईतर तिकडंच माझ्यासाठी एखादं काम बघ, मामानं सोमवारी टेम्पो सांगितलाय, सगळ्या शेळ्या देऊन टाकायच्या. सगळ्या म्हणे. चांदी शेळी, तिच्या तरण्या पाटी, तो आडदांड बोकड, कालपरवाची करडं, सगळ्या. कशासाठी, तर मानवतकडच्या पाव्हण्यांनी तुझ्यापुढं बसून नाकाला रुमाल लावला म्हणून. शेळ्या गेल्या, नोकरी लागली की पोरगी मिळंल, असं मामाचं म्हणणं. अन् तू त्याला हो म्हणालास. लोक तुला गरीब म्हणतात ते स्वभावानं, हे मला माहीत आहे, पण एवढा कशाला गरीब व्हायलास?

तरी मी गेलो सेंट बघायला. तू मागितलं अन् मी गेलो नाही असं होऊ नये म्हणून. आमच्या दुकानाच्या तळघरात मालाची गाडी लागते, खोकी उतरवायची अन् वर माळ्यामाळ्यावर पोचवायची, एवढंच माझं काम. सेंटाचं काउंटर काचेच्या दारातून शिरलं की लगेच लागतं. तिथं आमच्यासारख्यानं खोकं ठेवून निघून जायचं असतं, हुंगत उभं राहायचं नसतं. मी सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गिऱ्हाईक बनून गेलो. काउंटरला रेणुका असते, उदगीरकडची आहे, आपल्यासारखंच बोलते. तिनं मला बघितलं अन् म्हणाली, का रे, आज खोकं कुठं ठेवलंस? म्हणलं, आज मीच खोकं. पुरुषांचे असतील तेवढे सगळे दाखव.

इथं कागदाच्या पट्टीवर मारून देतात. पहिल्या बाटलीवर निळी लाट काढलेली. रेणुका म्हणाली, हा समुद्राचा. सुरतेला होतो तेव्हा समुद्र मी जवळून बघितलाय. त्याला मासळीचा, चिखलाचा, ओल्या दोराचा वास येतो. यात तसलं काही नव्हतं, नवा फ्रीज उघडल्यावर येतो तो वास होता. दुसरा म्हणे लाकडाचा. नाकाशी धरला तर शाळेत पेन्सिलीला टोक करून त्याच्या सालीची फुलं चिकटवायचो ते आठवलं. तेवढं बरं वाटलं, पण पेन्सिलीचा वास मारून माणूस पोरगी बघायला कशाला जाईल? तिसरा चामड्याचा. नव्या चपलेचा वास, दादा. आपण चप्पल उंबऱ्याच्या आत आणली तर माय लाटणं घेऊन मागं लागते, अन् इथं लोक तो वास गळ्याला लावायला रांगेत उभे. चौथा तंबाखूचा निघाला. बाबांच्या चंचीचा वास, हुबेहूब. त्या चंचीपायी मायनं बाबांना जन्मभर ओसरीवर निजवलं. माझ्या शेजारी गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेला एक साहेब उभा होता, त्यानं तीच पट्टी हुंगली, डोळे मिटले अन् म्हणाला, वा, काय मर्दानी आहे. बाबा असते तर त्यांना इथं आणून उभं केलं असतं अन् मायला म्हणलं असतं, बघ.

एक ऊद म्हणून दाखवला. त्याचा धूर तेवढा ओळखीचा होता. परभणीला उरुसात अत्तरवाले बसतात, आठवतंय का, मनगट धरून काडी फिरवतात, घेतलं नाही तरी जाव बेटा म्हणून हसतात. इथं मी दुसऱ्यांदा पट्टी मागितली तर दारावरचा गार्ड दोन पावलं पुढं आला. त्यालाबी माहीत, मी तळघरातला. नाक थकलं म्हणून रेणुकानं कॉफीच्या बियांची वाटी पुढं केली, ती हुंगली की नाक परत जागं होतं म्हणे. मी वाटी धरून गार्डाकडं बघत उभा राहिलो. मग त्यानंच तोंड फिरवलं.

मग तिनं खालच्या कपाटाचं कुलूप काढून एक काळी बाटली वर ठेवली. म्हणाली, हा सगळ्यांना दाखवत नाही, लय महाग आहे, आधी यात खरी कस्तुरी टाकायचे, जनावराच्या अंगातली, आता तसला वास कारखान्यात करतात. पट्टी नाकाशी नेली अन् मी उभ्या उभ्या गावात पोचलो. बोकड, दादा. माजावर आलेला आपला बोकड, स्वतःच्या दाढीवर मुतून गोठाभर दादागिरी करत फिरतो, तो. वरून गुलाबबिलाब शिंपडलेलं, पण खाली तोच. मला हसू फुटलं. रेणुकाला सांगितलं तर तीबी हसली. अन् हसता हसता माझं डोकं असं तापलं की हातातली पट्टी चुरगाळून टाकली. पैसेवाला हा वास विकत घेऊन लावतो तर तो मर्दानी, अन् तुझ्या हाताला कामानं लागला तर पाव्हण्यांनी रुमाल काढायचा? हा कुठला न्याय? रेणुका म्हणाली, अरे हळू, मॅनेजर बघायलाय. बघू दे म्हणलं. बाटली परत कपाटात गेली अन् मी बाहेर आलो.

आता ते बोलतो जे तू मला सांगितलं नाहीस. मायनं सांगितलं, तू घरात नसताना. मुलगी बघायला निघालात त्या दिवशी मामानं जिंतूरच्या स्टँडवरून सेंटाचा एक फवारा आणला अन् तुझ्या मानेवर, काखेत, हातावर निम्मी बाटली उडवली. तुमी परत आलात तर चांदी व्यायला आलेली. तू शर्ट बदलला, पण हात तेच होते. दोन्ही करडं तू ओढून काढलीस, पुसलीस अन् तिच्या तोंडाशी ठेवलीस. तिनं हुंगलं अन् डोक्यानं ढकलून दिलं. परत ठेवलीस, परत ढकललं. आजवर चांदीनं पिल्लू झिडकारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. शेळी पिल्लाला डोळ्यानं नाही, नाकानं ओळखते, हे मला लहानपणी तूच शिकवलंस. मायनं चांदीचाच वास यावा म्हणून करडांना तिची वार चोळून बघितली, तू चीक काढून बोटानं पाजत बसलास. एक जगलं, एक गेलं. सिध्या जेवला न्हाई, नुसता हात राखेनं घासायला लागला, असं माय म्हणाली. हे ऐकून मी दिवसभर खोकी आपटत होतो, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. अन् एवढं होऊनबी तू त्याच्याहून भारी सेंट मागायलास. कुणाला आवडायला? ज्यांनी रुमाल लावला त्यांना?

तर त्या रुमालाचं ऐक. परवा मला फोन आला, साक्षीच्या चुलत्याचा. ज्या पोरीनं तुला नाही म्हणलं तिचाच चुलता. लोक पोराची चौकशी गल्लीत करतात, यानं कुणाकडून तरी नंबर काढून थेट मला लावला. म्हणतो कसा, भाऊ, राग मानू नका, पण तुमचे दादा किती घेतात? घेतात का असं नाही, किती घेतात. मी असा भडकलो की खोलीतली पोरं उठून बसली. म्हणलं, माझा भाऊ चहासुद्धा अर्धा कप घेतो, तुमी कुणाबद्दल बोलायलात? तो शांत होता. म्हणाला, मग अंगाला एवढा घमघमाट कशाला मारला होता? आमच्या घरात एक तसाच होता, साक्षीचा बाप. पिऊन आला की आधी सेंट मारायचा अन् मगच उंबरा ओलांडायचा. त्यातच गेला. तुमचे दादा दारात आले अन् पोरीचं तोंडच उतरलं. आत जाऊन आईला म्हणाली, मला न्हाई करायचं.

कळलं का? रुमाल लावला तो शेळीच्या वासाला नाही, मामाच्या फवाऱ्याला. त्या घरात सेंटाचा वास आला की काय व्हायचं ते त्या घरालाच माहीत. मामानं मुद्दाम खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही, त्याचा जीव आहे तुझ्यावर. पण रुमाल दिसला की शेळीच आठवावी, अन् तूबी मान खाली घालून ते खरं मानावं, याचा मला राग आहे. एकानं तरी विचारायचं होतं.

मी चुलत्याला सगळं सांगितलं. गोठ्याचं, फवाऱ्याचं, चांदीनं करडं झिडकारली अन् एक गेलं त्याचं. मधेच पलीकडं कुणीतरी हळू बोलल्यासारखं झालं. चुलता म्हणाला, पोरगी विचारायलीय, दुसरं करडू हाय का? म्हणलं, हाय, उड्या मारतंय. शेवटी तो म्हणाला, रविवारी आमी येतो तुमच्याकडं. साक्षीबी येणार. रीतीत बसत न्हाई, पण ती ऐकत न्हाई. होकार दिलेला नाही, हे नीट ध्यानात ठेव. नुसतं येतो म्हणालेत. ते यायच्या आधी हातपाय धू, धुतलेला शर्ट घाल अन् नेहमीसारखा गोठ्यात थांब. मामानं काही फवारायला आणलं तर खुशाल त्याच्याच अंगावर उडव.

एवढंच असतं तर निरोप धाडला असता. पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहायलोय. चाकणला भांडलो, सुरतेला भांडलो, इथंबी फार दिवस टिकेन असं वाटत नाही. पिशवी उचलतो अन् निघतो. गावात म्हणतात, नागेश कुणाला भीत नाही. अरे, भीत नाही कारण मला माहीत असायचं, कुठंच जमलं नाही तर जिंतूरच्या गाडीत बसायचं. तू गोठ्यात असशील, का आलास म्हणून विचारणार नाहीस, बादली हातात देशील अन् शेळ्यांना पाणी दाव म्हणशील. तू एका जागी आहेस म्हणून मी दहा जागी फिरतो. तू इथं आलास, या खोलीत पोरांच्या रांगेत सतरंजी टाकून पडलास, तर मग मी कुठं जाऊ? म्हणून तुझ्यासाठी काम बघितलेलं नाही अन् बघणारबी नाही. साक्षी हो म्हणो की नाही म्हणो, सोमवारचा टेम्पो रिकामा परत धाड. मी धाकटा आहे, तरी हे माझं ऐक. इथं लेकाकडं आलेली बायनाबाई काकू शुक्रवारी गावाकडं निघायलीय, तिच्या हाती हे देतो, शनिवारी तुला मिळेल. टेम्पो गेला की मायला मला फोन लावायला सांग.

रागातला, पण तुझाच,
नागेश