नावाडी परत येणार का?

कैरो, २० मार्च
विसावा रोजा, दुपार

प्रिय रबाब,

इतके दिवस गप्प राहिले, माफ कर. रमजानचं कारण देता येईल आणि ते खोटंही नाही. तुझ्या कादंबरीवरची मालिका रोज दिसते आहे आणि शेवटचे भाग मी अजून लिहितेच आहे. रमजानभर रोज नवा भाग, ही आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. पण वेळच नव्हता, असं काही नाही. तू मस्कतला बरी असशील. इथे ऊन आत्तापासूनच तापलंय.

'मी बघणार नाही' म्हणाली होतीस, म्हणून सांगते. तुझी कादंबरी लोकांना आवडली आहे. बोलणारा समुद्र मला भीती होती तितका हास्यास्पद वाटत नाही. राक्षसी पक्षी मात्र कोंबड्यांसारखे दिसतात. पाच खंडांचे तीस भाग करताना अर्धी राजघराणी गाळली. त्याबद्दल नंतर भांडू.

गेल्या आठवड्यात मालिकेतला नावाडी गेला. समुद्राशी तह करायला एकटा निघाला आणि परतला नाही. तुझी एकच अट होती, त्याचं प्रेत दाखवायचं नाही. मी ती इतकी पाळली की रिकामी नावसुद्धा दाखवली नाही. नुसत्या लाटा, आणि किनाऱ्यावर त्याची आई.

तिथेच चुकलं. पुस्तकात तू लिहिलं होतंस की तो परतला नाही, आणि वाचकाने ते मुकाट्याने मानलं. पडद्यावर असं वाक्य ठेवायला जागा नसते. आणि मालिका बघत वाढलेल्या आपल्या लोकांचा कायदा एकच: प्रेत दिसलं नाही, म्हणजे माणूस जिवंत. भाजीवाला मला म्हणतो, "बाई, ईदच्या आधी आणताय ना त्याला? आम्हाला वेड्यात काढू नका!" निर्माते बहगतसाहेब तर खूश आहेत. "लोकांना हवाय तर आण की! समुद्र बोलतो, मग मेलेला पोहू शकत नाही?"

मी नाही म्हटलं. मला शाबासकी द्यायची घाई करू नकोस.

परवा तुझ्या आईचा, सामिया मावशींचा फोन आला.

"नशवा, मला तरी खरं सांग. कधी येतोय?"

"कोण, मावशी?"

"नावाडी गं! जिन्यातल्या सगळ्या बायका म्हणतात, शेवटच्या भागात. म्हटलं, लिहिणारी आपल्याच घरातली, तिलाच विचारते."

मी हसले. म्हणाले, "आत्ताच सांगितलं तर मजा काय? धीर धरा."

"दुसरं केलंय काय मी इतकी वर्षं, पोरी?"

मग सहज बोलावं तसं म्हणाल्या, वाएलच्या खोलीला रंग द्यायला माणूस बोलावलाय, ईदच्या आत व्हायला हवा.

तुझ्या भावाची, वाएलची होडी इटलीकडे निघाली ती पोचलीच नाही, पण तेव्हापासून तुमच्या घरात शोकाची बैठक बसलेली नाही. प्रेत नाही तर शोक कसला, असं मावशी म्हणायच्या. घरात रडायला जागा उरली नाही म्हणून तू एक आख्खं राज्य उभं केलंस आणि त्यात त्याला बुडवलंस. हे आपण कॉलेजातल्या मैत्रिणी असूनही कधी बोललो नाही.

'नाही येणार' एवढंच म्हणायचं होतं. म्हणवलं नाही. दयेपोटी, की फोन लवकर संपावा म्हणून, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आज सकाळी एक प्रसंग लिहिला. तो तुझ्या पुस्तकात नाही. नावाड्याची आई दार उघडं ठेवते, खुर्च्या मांडते आणि येईल त्याच्या हातात बिनसाखरेची कॉफी देते. तशी कॉफी मयताच्या घरातच फिरते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

बहगतसाहेब भडकले. "त्या राज्यात कॉफी कुठून आली?"

"बोलणारा समुद्र आला तिथूनच."

मग म्हणाले, "माझे वडील गेले त्या वेळची चव अजून जिभेवर आहे. ठेव."

तुझी अट मोडलेली नाही. पण जी बैठक तुमच्या घरात बसली नाही, ती मी साऱ्या देशासमोर बसवते आहे. हा अधिकार मला कुणी दिला? चित्रण परवा आहे. तू नको म्हणालीस तर प्रसंग काढेन. नावाडी मात्र परत येणार नाही. उद्या तू स्वतः म्हणालीस तरी नाही.

आणि मावशींना हे पडद्यावरून कळता कामा नये. खरं सांगायचं तर, तू त्यांना फोन करशील या आशेनेच हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता इथवर आल्यावर तसं मागायचं धाडस होत नाही. त्यांना धीर धरायला तू सांगितलं नव्हतंस, मी सांगितलं.

तुझी, आणि मावशींनी अजून दारात उभं केलं तर त्यांचीही,
नशवा

उद्या सकाळी: शुब्राला मावशींच्या घरी जाऊन त्यांना सांगणे.