वीस शब्दांतले अठरा कुणाचे?

ताई,

वाकून नमस्कार (कंबर धरलीय, म्हणून कागदावरच वाकते). शाळेत जायच्या आधी तू रिबीन दातांत धरून माझ्या वेण्या घालायचीस आणि मी जरा हलले की तोंड न उघडताच "हूं!" करायचीस, आठवतं? मला आठवतं. (हे ध्यानात ठेव, पुढे लागेल.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का?

मी हल्ली विसरते, म्हणून लेकीने मला इस्पितळातल्या एका प्रयोगात घातलंय. डोक्यावर तारांची टोपी चढवून अगदी हलकी वीज सोडतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूतल्या लहरींची लय वयाने बिघडते. वीज त्यांना ताल धरून देते. (मला आपल्या शाळेतल्या गाण्याच्या सिस्टरच दिसल्या, पियानोवर पट्टी आपटताना.) आता परीक्षाच म्हटल्यावर मी शाळेच्या शिस्तीत, चापूनचोपून तेल लावून गेले. टोपी बसवणारी मुलगी हैराण. "आजी, तेल लावलंत?" म्हटलं, थोडंसं. "थोडंसं? टोपी घसरतेय!" शेवटी हात धुवायच्या बेसिनमध्ये तिने माझं डोकं धुतलं.

दुसऱ्या दिवशी कपाळाला मुंग्या आल्या आणि लक्षात ठेवायला वाचून दाखवलेल्या वीसपैकी अठरा शब्द धडाधड आठवले! शेजारच्या खुर्चीतल्या निवृत्त पोस्टमनना काहीच जाणवेना. मला त्यांची दया आली, कारण निम्म्यांना नुसती टोपी असते, वीज नाहीच. कुणाला कुठली, ते बाईंनाही शेवटपर्यंत कळत नाही. मी ऐटीत म्हटलं, मला खरी आहे. बाई हसल्या. "आजी, मुंग्या खोट्या टोपीतही आणतो, ओळखू येऊ नये म्हणून."

आता मी काय समजू? अठरा शब्द विजेचे, की माझे? माझे, तर परवा दूध का करपलं? विजेचे, तर टोपी काढल्यावर ते राहतील कुठे?

तुझी धाकटी

ता. क. पत्राचं खरं कारण: जवळच्या नातेवाइकाने भरायचा एक फॉर्म आहे, 'या पूर्वीसारख्याच आहेत का?' वगैरे. लेक भरायला निघालीय. निकाल वाईट आला तर माझ्या घराला कुलूप लावून ती मला स्वतःकडे नेणार. प्रेमानेच म्हणते गं, म्हणून तर भांडता येत नाही. तूच भर, कोरा फॉर्म सोबत आहे. खोटं नको, फक्त मी दहाव्या वर्षीही छत्र्या हरवत होते, एवढं लिही.

आणखी ता. क. भरलेला फॉर्म डॉक्टरीणबाईंना दे. लेकीला माझी माया दे, पत्र नको (दुधाचं तिला माहीत नाही). घराची जादा किल्ली सोबत ठेवलीय, ती तुझ्याचकडे राहू दे. पाकिटात किल्ली नसली, तर ते फॉर्मवर लिहू नकोस, मला लिही.