बार्जवरची खंडेनवमी

३ ऑक्टो. १९८१
खाडीवर चौथा महिना. ओझरची हेल्परी सोडली, पंचवटीत रिक्षा हाकली, कुठं टिकलो नाय. इथं मन लागलं. का, ते सांगता येत नाय. काम बार्जमधी, म्हणजे तेल वाहायच्या सपाट बोटीत, पेट्रोल भरायचं. मुकादम उस्मानचाचा. त्यांचा कायदा: आधी अर्थिंगची तार, मगच पाईप. पेट्रोल सुरवातीला हळू सोडायचं. जोरात सोडलं तर आतल्या आत वीज तयार होते म्हणे. ढग नाय, काय नाय, आन वीज!

५ ऑक्टो.
भिका आला. मावशीचा पोरगा, चांदवडहून. मीच चाचांकडं शब्द टाकला होता. पहिल्याच दिवशी म्हणतो, "दादा, लय भिता राव तुम्ही लोक. आपल्याकडं ट्रॅक्टरच्या टाकीजवळ बिड्या ओढतात."
म्हटलं, ते डिझेल. हे पेट्रोल, याची वाफ दिसत नाय, पण लांबूनच पेट घेते.
"तेलच ना दोन्ही!"

७ ऑक्टो., खंडेनवमी
आज जे झालं ते लिहून ठेवतो.
चाचा पूजा करू देतात. पण पाईप जोडायच्या आधी, नुसती हळद-फुलं. नारळ गेटाबाहेर फोडायचा. सकाळी तसंच केलं. भिकाला पटलं नाय. आरतीबिगर खंडेनवमी कसली! काडेपेटी टोपीत घालून झडतीतून आणली.
बार्ज अर्धी भरलेली. वारा पडलेला. वळून बघतो तर हा पाईपापुढं उकिडवा. ताटलीत कापूर. हातात काडी, अजून ओढली नव्हती.
चाचांनी पंप बंद करायची खूण केली. ओरडले नाय. तान्ह्या पोराशी बोलावं तसं म्हणाले, "भिका बेटा, हाथ वहीं रख."
तेव्हा दिसलं. डेकवर ऊन होतं. भिकाच्या सावलीभोवती दुसरी सावली हलत होती, वाहत्या पाण्यासारखी. टाकीच्या तोंडातून निघून सरपटत त्याच्यापर्यंत आलेली. मान वर केली तर हवेत काहीच नाय. खाली मात्र ती चाललेली. चपला काढून उभं राहावं असं वाटलं. भीती नंतर आली.
चाचांनी त्याच्या बोटांतून काडी अलगद काढून घेतली.

८ ऑक्टो., दसरा
भिकानं सोनं दिलं. "बघ दादा, देवीनंच राखलं." सावलीचं सांगितलं, तर म्हणे, "उन्हानं डोळे दिपले तुझे." हसला. कसं दाखवू याला? जे मलाच एकदा…
चाचांनी वर कळवलं नाय. मला म्हणाले, "तू लाया है. कल तू ही बोल, रखूँ या भेजूँ."
पाठवला तर मावशी माझं तोंड बघणार नाय. ठेवला आन…

९ ऑक्टो.
नवी बार्ज लागली. तार लावून झाली. पाईप जोडायला घेणार तेवढ्यात चाचा थांबले. "पहले चाय पी ले. फिर बोल." सगळे बसलेत. मी गेटाबाहेर टपरीवर. चहा संपला. भिकाला यातलं काही ठाऊक नाय, तो आतून हाका मारतोय, "ये ना दादा, तुझ्यामुळं खोळंबलंय सगळं!"