माझ्या नावाची सही

सोम., १० नोव्हें.
आज पाण्याच्या तीन मोटारी आल्या, तिन्ही जळालेल्या. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, त्यात लाईटचा भरवसा नाही. पालमच्या चारी बाजूंच्या मोटारी रिवाइंडिंगला माझ्याच दुकानात. कंबर धरलीय. एकीला वार्निश मारून उन्हात ठेवलीय, ती वाळेपर्यंत हे लिहायलोय.

सुनंदा काल चारच्या गाडीनं गेली. देवगाव फाट्याकडच्या उपकेंद्रावर नर्स. जूनमधे बदली झाली. शनिवारी संध्याकाळी यायचं, रविवारी चारला परत. मधले दिवस घरात मी आणि ईशू. आमची पोरगी ईश्वरी, वय दहा, पाचवीत.

सकाळचं ठरलेलं: उठवणे, पाणी तापवणे, पोळ्या (पाच, एक करपते), दोन वेण्या. डावी वेणी उजवीपेक्षा जाड होते. ईशू आरशात बघते, दप्तर उचलते.

मंगळ., ११
शाळेत पालकसभा. दुकान दोन तास बंद. बाईंनी सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला. म्हणाल्या, तुमचं मूल पंचवीस वर्षांचं होईल तेव्हा ते कसं असावं, दोन ओळींत लिहा. शेजारच्यानं 'डॉक्टर' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मी लिहिलं, 'खरं बोलणारी. स्वतःचं स्वतः बघणारी.' लिहून बरं वाटलं.

मग बाई म्हणाल्या, आता कागद उलटा करा आणि यासाठी घरी रोज काय करता ते लिहा. मी 'वेण्या घालतो' लिहिलं. खोडलं. तसाच दिला.

निघताना बाईंनी थांबवलं. "तुमी नको म्हणालात, ठीक हाय. पण एकदा परत विचार करा. पोरगी पास होईल."

कशाला नको म्हणालो? निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला. सहावीपासून तिकडंच राहायचं, तिकडंच शिकायचं. संमतीपत्र घरी पाठवलं होतं म्हणे. 'संमती नाही' वर खूण होऊन परत आलं, खाली माझी सही.

मी तो कागद डोळ्यांनी बघितला नाही.

बाईंना तसं सांगता आलं नाही. "बघतो," म्हणालो. मुदत २२ पर्यंत आहे.

बुध., १२
अजून विचारलं नाही तिला. दोनदा विचारणार होतो.

सहीचं कोडं मला पडलेलं नाही, तेच वाईट. जूनमधेच मी शिकवली. गृहपाठाच्या वहीवर रोज पालकांची सही लागते. सुनंदा नुकतीच गेलेली, माझे हात कायम वार्निशनं चिकट, वही खराब व्हायची. एक दिवस म्हणालो, तूच कर की माझ्यासारखी, काय होतंय. आधी महालिंगचा 'म' मोठा काढायचा, मग बाकीचं नाव एका झटक्यात, शेवटी खाली आडवी रेघ. चौथ्या-पाचव्या वेळेला जमली. मी म्हणालो, हुबेहूब! दुकानात आलेल्या दोघांना दाखवली पण.

तेव्हापासून दिवाळीची सुट्टी सोडली तर रोज. काल कागदावर 'खरं बोलणारी' लिहून आलो. घरी रोज काय गिरवून घ्यायलोय, ते हे.

गुरु., १३
जेवताना विचारलं. वाटलं होतं रडेल. रडली नाही.

"हो, मीच केली."

मला दाखवायचं तरी, म्हणालो. म्हणाली, तुमी मोटारीत होता. अन् सही तर रोज मीच करते की.



परीक्षा का नको, ते विचारलं. ताट उचलून मोरीकडं गेली. ताट घासता घासता तिकडूनच म्हणाली, "मम्मी गेली. मी बी गेल्यावर घरात कोण ऱ्हाईल?"

म्हणालो, मी आहे की.

"तेच म्हणायलेय."

शुक्र., १४
मोटार जोडून झाली, पण लाईट नाही. चालवून बघता येत नाही. बसलोय.

एक गोष्ट इथंच लिहून ठेवतो. बाई 'तुमी नको म्हणालात' म्हणाल्या तेव्हा धसका बसला, खरं. पण त्याच्या खाली आत कुठंतरी हायसं वाटलं. पोरगी जाणार नाही. मला नाही म्हणावं लागलं नाही, परस्पर झालं.

सुनंदानं ईशू पहिलीत असल्यापासून ही परीक्षा मनात धरलीय. रोज फोनवर पहिलं वाक्य, अभ्यास? मी म्हणतो, चालू आहे. मंगळवारी म्हणालो, बुधवारी म्हणालो, काल पण. ईशू समोर बसून ऐकते आणि माझ्याकडं बघते.

शनि., १५
सकाळी ईशूला घेऊन शाळेत. रस्त्यात ठरवलं, माझं मी सांगणार, तिचं तिनं सांगायचं. तिनं मान हलवली. गेटपाशी पाऊल जड झालं तिचं. माझंही.

बाईंना सांगितलं, सही मी शिकवली, जूनपासूनच्या वहीतल्या सगळ्या तिच्याच हातच्या आहेत.  मग ईशू खाली बघत म्हणाली, "त्या कागदावर मी खूण केली. पप्पाला न विचारता."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. जुना कागद फाडला, नवा कोरा दिला. म्हणाल्या, दोघं-तिघं मिळून ठरवा, २२ च्या आत आणा.

गेटपाशी येऊन ईशूनं विचारलं, तुमी पहिले का बोललात? म्हणालो, चूक पहिली माझी. ती वर्गात गेली. मी दुकानात आलो, पण अकरापर्यंत काम सुचलं नाही.

रवि., १६
सुनंदा काल आली. तिला गाडीत परभणीपर्यंत उभं राहावं लागलं, पाय सुजलेले. लगेच सांगायला जीव झाला नाही. सकाळी सांगितलं, सगळं. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

ईशूवर रागावली नाही. माझ्यावर रागावली, तेही सहीवरून नाही. "आठवडाभर मला फोनवर 'चालू आहे' म्हणलात. मी तिथं त्याच भरवशावर झोपायलेय."

 दुपारी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली. अर्ध्या तासानं जागी झाली तेव्हा मी ते हायसं वाटल्याचं पण सांगून टाकलं. वाटलं, आता भांडण होईल.

तिनं सुजलेले पाय जवळ ओढून घेतले, म्हणाली, "मला तरी कुठं पाठवावं वाटायलंय? पण मी तिथं, तुमी दुकानात. पोरगी शाळेतून येऊन रोज साडेआठपर्यंत एकटी ऱ्हाती. तिथं निदान सोबत चार पोरी तरी असतील."

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी रोज घरी जातो तेव्हा ती असतेच. म्हणून वाटायचं, सोबत आहे. सोबत मला होती.

चारच्या गाडीला सोडून आलो.

सोम., १७
दुकान सहाला बंद करायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी एक जण मोटार घेऊन सहाला पाच कमी असताना हजर. मिस्त्री, माझा हरभरा काय सुकू देऊ का, म्हणे. उद्या दुपारी देतो म्हणालो. मोटार ठेवून गेला.

घरी गेलो तर ईशू दार उघडून विचारते, काय झालं? तब्येत बरी नाही का? म्हणजे मी उजेड असताना घरी येणं म्हणजे काहीतरी बिघडलेलं.

तिच्या शेजारी बसून वही बघितली. 'माझा गाव' निबंध. दुसऱ्या पानावर माझा डोळा लागला. तिनं हलवून उठवलं, सही राहिलीय म्हणाली. पहिल्या पानापासून परत वाचलं, मग केली. चांगलं लिहिते. आजवर माहीत नव्हतं.

बुध., १९
दोन गिऱ्हाईकं गंगाखेडला गेली, तिकडं रात्रीपर्यंत दुकान चालू असतं. जाऊ दे. जाऊ दे म्हणतो, पण दिवसभर तेच डोक्यात.

सकाळी वेणी घालताना ती हलली, मी खेकसलो. तिनं माझ्या हातातून रिबीन घेतली आणि स्वतः घातल्या वेण्या. एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली. तशीच गेली. मी नीट करून दिल्या नाहीत. स्वतःचं स्वतः करावं म्हणून नाही दिल्या, की माझ्यातच जोर नव्हता, ठरवता येत नाही. संध्याकाळी विचारलं, शाळेत कुणी हसलं का? म्हणाली, दोघी हसल्या. मग एकीनं नीट करून दिल्या.

अपूर्णांक घेतले तासभर. तिला माझ्यापेक्षा लवकर येतात.

शुक्र., २१
उद्या मुदत संपते. कागद सोमवारपासून देवाच्या फळीवर. दोघं येता-जाता बघतो, हात कुणी लावत नाही.

आज शाळेतून येऊन ती सरळ दुकानातच आली. दप्तर खाली न ठेवता म्हणाली, "परीक्षा देते. पण पास झाले अन् मग न्हाई म्हणले तर चालंल का?"

माझ्या जिभेवर 'चालंल' आलंच होतं. गिळलं. एकट्यानं कबूल करून मोकळं व्हायचं, हेच तर करत आलो. म्हणालो, मम्मीला विचारू.

तिच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. सुनंदाकडं लसीकरणाचा दिवस, मागं लेकरांची रडारड. ईशूचं म्हणणं तिच्याच शब्दांत सांगितलं. पलीकडं नुसती रडारड ऐकू येत राहिली. 

मग म्हणाली, "चालंल. पण ईशू, हो म्हणलीस तरी चालंल, बरं का. पप्पासाठी थांबायचं न्हाई."

ईशूनं माझ्याकडं बघितलं. मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. म्हणालो, हो, मला पोळ्या येतात आता. ती म्हणाली, करपतेत. पण दप्तर खाली ठेवलं आणि तिथंच बाकड्यावर बसून अभ्यास केला, सहा वाजेपर्यंत. मी कॉईल भरत होतो.  बरा गेला वेळ.

शनि., २२
कागद दिला. 'संमती आहे' वर खूण, खाली सही माझ्या हातची. बाईंनी एवढंच म्हटलं, जमा करते.

पाठ लय दुखायलीय. आज लवकर झोपणार.

रवि., २३
सुनंदाला सोडायला स्टँडवर गेलो. जूनपासून ईशू कधी आली नव्हती. निघायची वेळ झाली की ती शेजारच्या घरी जाऊन बसायची, आम्हीही आग्रह करायचो नाही. आज चप्पल घालून दारात उभी. आईची पिशवी तिनंच धरली.

गाडी उशिरा आली, गर्दी होती. सुनंदाला खिडकीची जागा मिळाली. तिनं ईशूच्या डोक्यावरून हात फिरवायला खिडकीतून हात काढला, पण पोचला नाही. ईशू टाचा उंच करून उभी राहिली, तेव्हा पोचला. गाडी निघाली. सुनंदानं मागं वळून बघितलं नाही, ती बघत नसते.

परत येताना बाजाराच्या वळणावर आल्यावर ईशू म्हणाली, "तिथं रविवारी भेटायला येऊ देतेत का?"

म्हणालो, माहीत नाही.

"मम्मीला रविवारीच सुट्टी असती. उद्या बाईला विचारून या."

बरं म्हणालो. ती पुढं चालायला लागली. मी तिथंच थोडा वेळ थांबलो, मग तिच्या मागं गेलो.