एका तंगडीचा ग्लास

मंगळवार, दुपार

प्रिय सेक्रेटरीसाहेब,

वरती ‘प्रिय’ लिव्हलंय म्हनून लगेच फुगून बसू नका, रुद्रप्पा. सातवीच्या पुस्तकात पत्राची सुरवात तशीच शिकवलती आन् त्याच्या म्होरं माझी शाळाच झाली न्हाई, म्हनून मला दुसरं काही येत न्हाई. फोन कावून केला न्हाई म्हनचाल, तर फोनवर तुमी नुस्तं ‘हं, हं’ करता, आन् हिकडं आमची विमल, म्हंजी सूनबाई, भाकर थापायची थांबून कान लावती. कागदाला तेवढे कान नसतेत.

तुमचं पत्र भेटलं. त्याच्या मागनं खोकं बी भेटलं. घाटनांदूरहून सटवाच्या जीपमधी आलं. त्यानं रस्त्यानं धा डाव हालवून बगितलं आसंल, कारन दारात उतरवताना म्हनतो, “काकू, आत काहीतरी डुचमळतंय, आन् पुन्याहून आलंय.” मी म्हनलं, “गुडघ्याचं तेल हाय, तुझ्या सासूला लागतंय का?” तसा गुमान गेला. पर जाताना मान वळवून बगत व्हता. संध्याकाळपस्तोर सगळ्या आळीला म्हाईत झालं की सत्यभामाबाईला पुन्याहून तेल आलं.

आता तुमचा सवाल. पुन्यात एक वाईन क्लब हाय, म्हैन्याला दोन बाटल्या घरपोच येतेत, ऐतवारी मेंबरं जमून चव घेतेत, तर त्यात नाव घालावं का घालू नये, मत कळवावं. सेक्रेटरीसाहेब, दूध सोसायटीत तुमी बसायचे तवापून मी तुमाला बगत आले. काटा बदलला तरी कुनाला इचारलं न्हाई. लेकाची सोयरीक केली, तवा सख्ख्या भावाला इचारलं न्हाई. आन् आता साठी उलटल्यावर बाटलीसाठी माझं मत पायजे? मला तवाच वहीम आला. ह्या सवालाच्या मागं दुसराच कोन्ता तरी सवाल दडून बसलाय, दाराआड पोर लपावं तसा, पाय बाहीर दिसतेत आन् त्याला वाटतंय आपन दिसत न्हाई. पर ऱ्हाऊ द्या. आदी जे इचारलंय त्याचाच निकाल लावते.

मेंबर हा शबुद ऐकला की मी आदी पदराची गाठ आवळते. मेंबर मी लई ठिकानी झालेय. आमचे मालक, सुंदरराव, जिते व्हते तवा साखर कारखान्याचे मेंबर झालते. दोन दिवाळ्या साखर भेटली, तिसऱ्या दिवाळीपून मीटिंगीचं बोलावनं भेटाया लागलं आन् मीटिंगीत बिनसाखरेचा चहा. सूतगिरनीचे मेंबर झाले, तिच्या चिमनीतून कदी धूर निघाला न्हाई, आता तिथं पारवे ऱ्हातेत. मालक गेले, मेंबरकी माझ्या नावावर आली, पारवे बी माझ्याच नावावर आले म्हना की. आपली दूध सोसायटी तेवढी धड चालली, ती बी तुमी खडूस व्हते म्हनून. तवा क्लबाचा आदी चेरमन कोन हाय ते बगा. त्याच्या भावाच्या नावावर बाटल्याचा ठेका हाय का ते बगा. आन् बाटल्या ते निवडनार, तुमी न्हाई, हे तुमीच लिव्हलंय. म्हंजी रेशनवर जे येईल ते पदरात घ्यायचं, तसंच की. रेशनवर परदेशी लाल ज्वारी, मिलो, आलती, तिच्या भाकरी आमी लहानपनी खाल्ल्या, पर तवा कुनी आमाला क्लब न्हवतं म्हनत.

ऐतवारचं वाचून तर मी घटकाभर कागद खाली ठिवला. ग्लास गरगर फिरवायचा, नाक घालून वास घ्यायचा, एक घोट तोंडात खुळखुळवायचा आन् बादलीत थुकायचा! आवं, हितं टँकर आठवड्यानं येतो. विमल भांडे धुतलेलं पानी कढीपत्त्याला घालती. दोन सालं कोरडी गेली, मागल्या साली कसाबसा पडला, ह्या साली ढगं पुन्हा तोंड दावून चाललेत. आन् तुमी थुकायला बादली ठिवता? त्यात तुमी लिव्हता की एका बाटलीला ओल्या मातीचा वास येतो म्हनं, आन् लोकं त्याचं कौतिक करतेत. ओल्या मातीचा वास आता बाटलीत भरून इकतेत व्हय? मंग हिकडचा वास नेला कुनी, ते कळलं.

तुमचं नाक तेज हाय, ते मी कबूल करते. सोसायटीत आमी बाया रांगंत उभ्या, आन् तुमी एकेक कॅनचं झाकन उचलून नाकाला लावायचे. कुनाच्या म्हशीनं लिंबाचा पाला खाल्लाय, कुनी कालचं दूध मिसळलंय, कुनाचं कॅन राखेनं घासलंय, सगळं झाकनावरून सांगायचे. माझ्या दुधाला मातर काही बोलायचे न्हाई. शेजारची केशरबाई मला कोपरखळी मारायची, “तुझ्या झाकनाला अत्तर लावती का गं?” आन् तुमाला आठवतं का, एका जुन्या दुष्काळात वरच्या हापिसातनं शाबासकी आलती, ह्या सोसायटीच्या दुधात पान्याचा थेंब न्हाई म्हनून? तुमी छाती काढून वाचून दावलं. मी मागनं म्हनलं, “साहेब, घालायला पानी आसतं तर घातलं आसतं की!” सगळ्या हसल्या. तुमी बी हसले, पर रजिस्टर तोंडापुढं धरून. मी बगितलं.

आता खोक्याचं. बाटलीसंगट चिठ्ठी व्हती, बाटली थंड जागी आडवी ठिवावी. आवं, आडवी बाटली मला शिकवता? गावात दारूबंदीचं मतदान झालं तवा उभी बाटली आन् आडवी बाटली अशा दोन खुना व्हत्या, आन् ‘बायानो, आडवीवर शिक्का मारा’ म्हनत दारोदार मीच फिरले. दुकानाला कुलूप लागलं तवा त्यो दुकानदार म्हनला, “सत्यभामाबाई, तुमच्या घरात कदी बाटली सापडली तर बगा.” ती बाटली आता माझ्या घरात ज्वारीच्या कनगीआड आडवी पडलीय, तुमच्या मेहेरबानीनं. सटवाच्या तोंडून तेलाचं ऐकून केशरबाई दुसऱ्या दिशी सकाळीच दारात. न्हाई म्हनले तर आत शिरून शोधंल, म्हनून वाटीत वतून दिली. तिनं दोनी गुडघ्याला चोळली. आता रोज येती आन् म्हनती, “भामे, त्या लाल तेलानं चढाया सोपं झालं, वास तेवढा जांभळाचा येतो.” तिचा नवरा मातर तिच्या गुडघ्यापाशी घुटमळाया लागलाय.

मी बी चाखली. खोटं कशाला बोलू. विमल रानात गेलती, दार लोटलं, ग्लासात बोटभर घेतली. आदी तुमच्यावानी वास घेतला. मंग घोट घेतला. आंबट, तुरट, कच्ची जांभळं खाल्ल्यावानी जीभ आखडली. थुकायला बादली न्हवती म्हनून गिळली. गिळल्यावर जरा ऊब आली, तेवढं खरं. पर त्यासाठी मेंबर व्हायची काय गरज हाय? कपाळाला भस्म लावून, शेवयाच्या खिरीला बी ‘जरा कमी गोड’ म्हननारा मानूस बादलीत थुकाया जातो, हे मला काई पटलं न्हाई. तवा निकाल हा, की क्लबात नाव घालू नका. काही फायद्याचं न्हाई.

झाला तुमच्या सवालाचा निकाल. आता माझा सवाल.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर तुमीच लिव्हलंय की क्लबात नाव घातलं की नव्या मेंबराला काचेच्या ग्लासाची जोडी भेट देतेत, ती इकत भेटत न्हाई. बरं. आन् खोक्यात बाटलीसंगट वाळल्या गवताच्या पिंजरात गुंडाळून काय निघालं? ग्लास. बुडाशी त्याच क्लबाचं चित्र. एका तंगडीवर उभा, बगळ्यावानी. मंग मला सांगा सेक्रेटरीसाहेब, नाव घालू का म्हनून इचारनाऱ्यानं ग्लास आनला कुठून? तुमी तर आदीच मेंबर झालेत! दुधातलं पानी हुडकन्यात तुमी पटाईत आसचाल, पर स्वता पानी घातलं की लगेच सापडता. आन् जोडीतला एकच ग्लास मला कावून धाडला? दुसरा फुटला म्हनावं तर तुमच्या हातनं कदी कॅनचं झाकन पडलेलं मी बगितलं न्हाई.

लई इचार केला. केर काढताना केला, टँकरच्या रांगंत केला. आन् मंग मला छावनीचं साल आठवलं.

दुष्काळात माळावर जनावरांची चारा-छावनी पडलती. आपल्या सोसायटीला कुलूप, कारन दूधच न्हाई, आन् तुमी चाऱ्याच्या पेंड्या वाटायला बसलेले. तुमची घरवाली आदल्याच साली देवाघरी गेलती. मी माझी रंगी म्हस घेऊन शेडनेटच्या शेवटच्या कडंला. दुपारचं समदं रान भट्टीवानी, आन् तुमी तीन दगडांवर चहा ठिवायचे. रंगी जे काही दूध द्यायची, त्यातलं पळीभर मी घालायची. पेला एकच व्हता, पितळी, काठाला चेमटलेला. तो तुमी मला द्यायचे, आन् स्वता कॅनच्या झाकनातून प्यायचे. अल्मिनियमचं झाकन, व्हट भाजायचे, तरी हूं न्हाई का चूं न्हाई. उनाळाभर रोज. एक दिशी मी इचारलं, “सेक्रेटरी, झाकनाची चव कशी लागती?” तुमी म्हनले, “सवय झाली.” बास. पाऊस पडला, छावनी मोडली, तुमचा लेक येऊन तुमाला पुन्याला घेऊन गेला. जाताना पेला माझ्या चुलीपाशी ठिवून गेले. त्यो अजून फळीवर हाय. आता एक गोष्ट सांगते, हसू नका. छावनीपून माझं घर हाकंच्या अंतरावर व्हतं. घरात पेले आठ. मी दुसरा पेला कदी बी आनू शकत व्हते. न्हाई आनला.

म्हनून तुमचा दडलेला सवाल मला कळला, रुद्रप्पा, उरलेले दिस संगट काढायचे का, हाच. दोन ओळीत लिव्हता आला आसता, पर तुमाला बाटली, क्लब, बादली, एवढा सरंजाम लागला. मला बी कळल्यावर आठ दिस लागले. भ्या वाटलं. ह्या वयात लोकं काय म्हनतेल, तुमची जात निराळी, आमची निराळी, केशरबाई तर गुडघं इसरून गावभर पळंल. शेवटी बद्रीला, माझ्या लेकाला, सांगून टाकलं. दोन दिस त्यानं नुस्तं कामात डोकं घातलं. रानातनं यायचा, खाली मान घालून जेवायचा. मला वाटलं, झालं, आता ग्लास पिंजरात गुंडाळून परत धाडावा लागतो. तिसऱ्या दिशी ताटावर बसल्यावर इचारतो, “आई, सेक्रेटरीकाका चहात साखर कमीच घेतेत ना?” विमल पदरात तोंड घालून हसली. म्हंजी तिला आदीच म्हाईत व्हतं. कान लावती म्हनलं न्हाई का.

तवा माझं उत्तर, ज्यासाठी हा कागद घेतला. पुन्याला मी येनार न्हाई, तिथं तुमी काय थुकता ते बगत बसायला. तुमीच या. आपली सोसायटी पुन्हा उघडतीय, बारक्याच कामानं, धा-पंधरा घरात म्हशी हायत आता. मीटिंगीत सगळ्या म्हनल्या, झाकन हुंगनारं नाक पायजे, आन् मी तुमचं नाव पुढं केलं. हे बहानं क्लबापेक्षा बरं हाय, लोकांच्या तोंडावर फेकायला. पर तुमच्या लेकाला मातर खरं तेच सांगून या, त्याला दुधाचं बहानं सांगू नका. क्लबातून नाव काढा, आन् देत नसतेल काढून तर बाटल्या हिकडं येऊ द्या, केशरबाईचा दुसरा गुडघा अजून जरा धरतोय. ग्लास मी परत धाडत न्हाई. तुमच्याकडचा दुसरा धोतरात गुंडाळून संगट आना, एस्टीत मांडीवर धरा, वर ठिवू नका. त्यात काय वतायचं ते मंग बगू, चहा बी चालंल. छावनीत पेला एकच व्हता, तवा झाकनानं भागलं. आता दोन हायत, आन् एक पुन्यात आन् एक हितं, हे मला बरं दिसत न्हाई.

खाली ‘आपली नम्र’ लिव्हायचं म्हनून जागा सोडलती, पुस्तकात तसंच व्हतं. आता ते बसत न्हाई, म्हनून दुसरं लिव्हते. हे मातर नीट वाचा, ‘हं, हं’ करू नका.

तुमचीच,
सत्यभामा